वाचकांचे प्रश्न : सीएनसी राउटर स्टेप चुकवतो, दोष कोणाचा?

प्रश्न : लाकडावरील कोरीवकामासाठी मी घरीच ९०० × ६०० मि.मी. टेबलाचा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे कोरीवकामाचे यंत्र) जोडला आहे. तिन्ही अक्षांना २.८ अँपिअरच्या नेमा-२३ आकाराच्या स्टेपर मोटर (ठराविक लहान पावलांत, म्हणजे स्टेपमध्ये, फिरणाऱ्या) आणि ५ मि.मी. पिचचे (एका फेऱ्यात ५ मि.मी. सरकवणारे) बॉलस्क्रू आहेत. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर चालते; त्यावर सीएनसी शील्ड (वर बसणारा जोडणीचा बोर्ड), मोटरला करंट पुरवणारे ए-४९८८ ड्रायव्हर आणि १२ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) आहे. वेग वाढवला की मशीन स्टेप चुकवते, आणि दीड किलोवॉटचा स्पिंडल (कापणारे पाते फिरवणारी मोटर) व्हीएफडीवर, म्हणजे त्याचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावर, सुरू करताच लिमिट स्विचला (अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणाऱ्या स्विचला) काहीही टेकलेले नसताना अलार्म येतो. महाग कंट्रोलर घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कंट्रोलर बदलण्याची घाई करू नका, आपल्या दोन्ही तक्रारींत त्या बिचाऱ्या उनोचा दोष फारसा नाही. ए-४९८८ ही चिप कागदोपत्री २ अँपिअरची असली, तरी हीटसिंकशिवाय ती १ अँपिअरच्या आसपासच तग धरते, त्यामुळे २.८ अँपिअरच्या मोटरला ती अर्धपोटी ठेवते. त्यातच पुरवठा १२ व्होल्टचा. वेग वाढतो तसा मोटरच्या गुंडाळीत करंट चढायला मिळणारा वेळ कमी होत जातो आणि तो झटपट चढवायचा तर व्होल्टेज जास्त लागते. म्हणूनच हळू चालताना ठीक वाटणारी मोटर वेगात दम सोडते. डीएम-५४२ जातीचे तीन स्वतंत्र ड्रायव्हर आणि ३६ व्होल्ट, ३५० वॉटचा एक एसएमपीएस घ्यावा. हे ड्रायव्हर ५० व्होल्टपर्यंत चालतात, पण मोटर एकदम थांबताना उलट वीज पुरवठ्याकडे ढकलते, म्हणून ४८ व्होल्टवर काठाशी खेळण्यापेक्षा ३६ बरे.

सीएनसी शील्ड आता काढून ठेवली तरी चालेल. उनोच्या पिन क्रमांक २, ३, ४ वरून एक्स, वाय आणि झेडचे स्टेप सिग्नल मिळतात, तर ५, ६, ७ वरून दिशेचे. ड्रायव्हरचे पल्स आणि दिशा यांचे उणे टोक उनोच्या ग्राउंडला व अधिक टोक संबंधित पिनला जोडावे. ड्रायव्हर चालू-बंद करणारी एनेबलची टोके मोकळी सोडली तरी ड्रायव्हर चालू राहतो.

मायक्रोस्टेपिंगचा (एका स्टेपचे आणखी बारीक भाग करण्याचा) मोह मात्र आवरावा. मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप असतात; १/८ वर ठेवल्यास २०० × ८ ÷ ५ म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स होतात. उनोवरील जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देऊ शकते, म्हणजे मिनिटाला साडेपाच मीटरची चाल, आणि लाकडाला ती पुष्कळ झाली. १/३२ केल्यास तीच चाल १.४ मीटरवर येते. अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

खोट्या अलार्मकडे वळू या, कारण खरी मेहनत इथे आहे. उनोच्या आतील पुल-अप (पिनचे व्होल्टेज वर धरून ठेवणारा रोधक) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच अशक्त असतो, आणि लिमिट स्विचची दोन-अडीच मीटरची वायर अँटेनासारखी वागते. व्हीएफडीचा विद्युत गोंगाट तिच्यातून सरळ पिनपर्यंत पोचतो. स्पिंडलची केबल शिल्डेड (धातूच्या जाळीचे आवरण असलेली) घ्यावी, तिची जाळी व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला जोडावी आणि ती स्विचच्या वायरींपासून दूर न्यावी. दोन्ही एकाच ट्रेमध्ये बांधल्या की पॅनेल सुबक दिसते, पण त्रास तिथेच सुरू होतो. व्हीएफडी बंद करून, आतील कपॅसिटर रिकामे होण्यासाठी दहा मिनिटे थांबून, स्पिंडलच्या प्लगमधील अर्थ पिन आणि स्पिंडलचे धातूचे अंग यांत कंटिन्युइटी (अखंड विद्युत जोडणी) आहे का, हे मल्टिमीटरने पाहावे. स्वस्त स्पिंडलमध्ये ही पिन पुष्कळदा आतून जोडलेलीच नसते, आणि हा प्रश्न केवळ गोंगाटाचा नसून जिवाचा आहे.

लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने (न दाबता जोडणी चालू, दाबल्यावर तुटते), १२ किंवा २४ व्होल्टवर, पीसी-८१७ ऑप्टोकपलरमार्फत (प्रकाशातून सिग्नल पुढे देणाऱ्या, थेट विद्युत जोडणी नसलेल्या चिपमार्फत) जोडावेत. म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. ऑप्टोची जोडणी कशी केली त्यानुसार सिग्नल उलटा येत असेल, तर जीआरबीएलमधील $५ ही सेटिंग बदलावी. झेडचा स्विच क्रमांक १२ च्या पिनवर येतो, कारण जीआरबीएल १.१ मध्ये ११ क्रमांकाची पिन स्पिंडलच्या वेगासाठी राखलेली असते. जुन्या शील्डवरील छापील नावावर विसंबून अनेकांची संध्याकाळ इथे वाया जाते.

इमर्जन्सी बटणाने ड्रायव्हर आणि स्पिंडल या दोहोंचा पुरवठा कॉन्टॅक्टरमार्फत (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचमार्फत) तोडला पाहिजे. केवळ उनोच्या रीसेट पिनला जोडलेले बटण हे इमर्जन्सी बटण नव्हे.

प्रश्न : चार वायरींच्या स्टेपर मोटरचे रंग ड्रायव्हरवरील खुणांशी जुळत नाहीत. जोड्या कशा ओळखाव्यात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मोटर ड्रायव्हरपासून सुटी असताना कोणत्याही दोन वायरींची उघडी टोके एकमेकींना पिळून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो अडखळत, जड फिरू लागला तर ती एका गुंडाळीची जोडी. सहज फिरला तर दुसरी वायर धरून पाहावी. वीज चालू असताना मोटरचा प्लग कधीही काढू नये. मी एकदा घाईने तो ओढला आणि नवा कोरा ड्रायव्हर क्षणात गमावला. मोटर उलट फिरली तर वीज बंद करून एकाच जोडीची दोन टोके अदलाबदल करावीत, किंवा जीआरबीएलच्या $३ या सेटिंगने त्या अक्षाची दिशा पालटावी.