देवमाशाचा कान आणि बकऱ्याचा घोटा

प्रश्न : देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे आणि त्याचे पूर्वज चार पायांनी जमिनीवर चालत होते, असे शिकवताना वर्गातून दर वर्षी एकच शंका येते : ‘अर्धा जमिनीवरचा, अर्धा पाण्यातला’ असा प्राणी कोणाला सापडला आहे काय? असे जीवाश्म खरोखर आहेत काय, आणि ते महाराष्ट्रात मिळू शकतील काय?
— एक विज्ञान शिक्षिका, सातारा

उत्तर : असे जीवाश्म आहेत, आणि त्यांतले सर्वांत जुने आपल्याच उपखंडातले आहेत. इओसीन हा कालखंड सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी संपला. त्या काळात भारतीय भूखंड आशियाला येऊन भिडत होता आणि दोहोंमधला टेथिस समुद्र आक्रसत चालला होता. त्याच्या उथळ किनाऱ्यावर आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी जे प्राणी वावरत होते, त्यांची हाडे आज पाकिस्तानात, जम्मूच्या डोंगराळ भागात आणि कच्छमध्ये सापडतात.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या शंकेतला ‘अर्धा’ हा शब्द मात्र तपासून घ्यायला हवा, कारण मुलांची खरी अडचण तिथेच असते. पुढून मासा आणि मागून हरीण असा प्राणी कधीच नव्हता. शरीराचे सगळे भाग एकाच वेळी आणि एकाच वेगाने बदलत नाहीत. एक अवयव नवा होतो, तेव्हा दुसरा जुनाच असतो. १९८१ साली फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल या जीवाश्मशास्त्रज्ञांनी पाकिस्तानातील पाकिसेटस या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याच्या हातापायांची हाडे मिळाली, तेव्हा तो लांडग्याच्या आकाराचा, चार पायांवर नीट चालणारा प्राणी असल्याचे दिसले. तरीही त्याला देवमाशांत गणले गेले ते कानामुळे. मधल्या कानाला झाकणारे जे वाटीसारखे हाड असते, त्याची आतली कड देवमाशांमध्ये विलक्षण जाड आणि घट्ट असते, आणि पाकिसेटसच्या कानाची कडही तशीच आहे. म्हणजे पाय जमिनीवरचे असतानाच देवमाशाच्या कानाची खूण उमटलेली होती.

या कानाची एक हकिगत वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे. भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथून जीवाश्म असलेले पुष्कळ दगड जमवले होते आणि त्यांतल्या एका लहान खुरी प्राण्याला १९७१ साली इंडोहायस असे नाव दिले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते दगड जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्या हाती सोपवले. हाडे दगडातून सोडवताना एक कवटी चुकून फुटली, आणि आत कानाच्या हाडाची तीच जाड कड दिसली. थेविसन, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हा शोध प्रसिद्ध केला. इंडोहायस साधारण मांजराएवढा होता. त्याच्या पायांच्या हाडांची भिंत पाणघोड्याच्या हाडांसारखी जाड आहे; अशा जड हाडांमुळे प्राणी पाण्यात तरंगून न जाता तळावरून चालू शकतो. आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी या चिमुकल्या, हरणासारख्या प्राण्याचा आफ्रिकेतील भाऊबंद धोका दिसताच पाण्यात शिरून दडतो. इंडोहायसची सवय काहीशी तशीच असावी, असे या संशोधकांनी सुचवले आणि मला ते पटते.

दुसरा पुरावा घोट्याचा. पूर्वी दातांच्या सारखेपणावरून बरेच जीवाश्मशास्त्रज्ञ देवमाशांचे नाते मेसोनिकिड नावाच्या लुप्त मांसाहारी प्राण्यांशी जोडत, तर जनुकांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ देवमासा पाणघोड्याच्या जवळचा आहे असे सांगत होते. २००१ साली गिंगरिच आणि थेविसन यांच्या दोन स्वतंत्र गटांनी प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडे प्रसिद्ध केली. त्या हाडाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती. अशी दुहेरी कप्पी गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांतच आढळते. कुत्र्याच्या किंवा घोड्याच्या घोट्यात ती नसते. जनुकांनी सांगितलेले नाते हाडांनीही सांगितले, आणि दातांवरून बांधलेला अंदाज मागे पडला.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगता येतील. १९९४ साली वर्णन झालेला पाकिस्तानातील अँब्युलोसेटस मगरीसारखा काठाशी राहणारा होता. कच्छमधील देवमाशांची ओळख १९७०च्या दशकात अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांच्या कामातून झाली. तिथलाच कच्छिसेटस हा बराच लहान होता. इजिप्तच्या वाळवंटातील वादी अल-हितान येथे सापडणारा बॅसिलोसॉरस पंधरा मीटरांहून लांब आणि पूर्णपणे समुद्रवासी होता. १८३४ साली रिचर्ड हार्लन यांनी तो सरपटणारा प्राणी समजून त्याचे नाव ‘सरड्यांचा राजा’ अशा अर्थाचे ठेवले. तो सस्तन असल्याचे काही वर्षांतच रिचर्ड ओवेन यांनी दाखवले. त्याचे इवलेसे मागचे पाय मात्र १९९०मध्ये प्रकाशात आले. गुडघा, घोटा आणि बोटे शाबूत असलेले हे पाय एवढ्या शरीराला पेलून धरण्याच्या कामाचे नव्हतेच.

या प्राण्यांची नावे फळ्यावर एकाखाली एक लिहिताना एक काळजी घ्यावी. हे आजोबा, वडील, नातू नव्हेत. ही एकाच घराण्यातली चुलत भावंडे आहेत, आणि त्यांच्यापैकी नेमक्या कोणाचा वंश आजच्या देवमाशापर्यंत पोहोचला, असा दावा कोणी करत नाही.

महाराष्ट्राबद्दल : आपल्या राज्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या बेसॉल्टने झाकलेला आहे. हा खडक इओसीनपेक्षा सुमारे एक कोटी वर्षांनी जुना असल्यामुळे त्यात देवमाशाचे पूर्वज शोधण्यात अर्थ नाही. घोट्याचे हाड मात्र मुलांच्या हातात देता येईल. खाटकाकडून बकऱ्याच्या मागच्या पायाचा घोट्याचा सांधा अखंड मागून घ्यावा, उकळून स्वच्छ करावा, आणि त्यातले दोन्ही टोकांना खाच असलेले हाड मुलांना बोटांनी चाचपून पाहू द्यावे.