ऑगस्टाच्या प्रवाहावर भिस्त ठेवू नकोस

प्रिय मित्रा,

आयर्नमॅन ७०.३ ऑगस्टाला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीला, नाव दिलंस, छान केलंस. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली ही शर्यत नवख्यांना भुरळ घालते ती सव्हाना नदीमुळे. १.९ किलोमीटर पोहायचं, तेही प्रवाहाच्या दिशेने. पण प्रवाहाचा जोर वरच्या धरणांतून किती पाणी सोडलंय त्यावर ठरतो, आणि ते तुझ्या हातात नाही. म्हणून तयारी साठलेल्या पाण्याची कर: २५ मीटरच्या तलावात न थांबता ७६ फेऱ्या, ५५ मिनिटांच्या आत. शर्यतीत १ तास १० मिनिटं मिळतात. प्रवाहाने हात दिला तर तो वरचा फायदा.

तुझ्या सरावाचे महिने नेमके पुण्याच्या पावसाळ्यात येतात. गढूळ, फुगलेल्या नदीत 'सवय व्हावी' म्हणून उतरू नकोस. नदीत लागणारी कौशल्यं तलावातही शिकता येतात. दर ८-१० हातांनी मान फार न उचलता, फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोर बघ. मधल्या खोल पाण्याला वेग जास्त, काठाशी कमी; काठाजवळ पाणवनस्पतीही असतात. त्या हाताला अडकल्या तर पाय झाडू नकोस, आणखी गुंतशील. शरीर आडवं ठेव, हात आखूड मार आणि वरून घसरत पुढे जा.

खरी गडबड बाहेर पडताना होते. समज, प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर आहे, तू सेकंदाला एक मीटर पोहतोस आणि काठ ६० मीटरवर आहे. सरळ काठाकडे तोंड केलंस तर काठाला लागेपर्यंत ३० मीटर खाली गेलेला असशील, मग उलट्या पाण्यात हात मारत यायचं. त्यामुळे काठाकडे बऱ्याच आधी सरकायला लाग आणि बाहेर पडायच्या जागेच्या थोडी वरची खूण धर. आदल्या दिवशी ती जागा काठावरून बघून ठेव: मागे झाड, इमारत, काय दिसतं ते. शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये पाय जरा जोरात मार, म्हणजे उभं राहिल्यावर गरगरणार नाही.

वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख? सप्टेंबरअखेर पाण्याचं तापमान त्यासाठीच्या कमाल २४.५ अंशांच्या मर्यादेच्या आसपास घुटमळतं, निर्णय त्या सकाळी कळतो. दोन्ही प्रकारे पोहून बघितलेलं असू दे.

मग सायकल, ९० किलोमीटर. पोहणं अपेक्षेपेक्षा लवकर संपलेलं असतं, अंगात उत्साह असतो, आणि शेजारच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चढउतारांवर लोक पहिल्या ३० किलोमीटरमध्येच पाय जाळून घेतात. त्याचं बिल पुढच्या २१.१ किलोमीटर धावण्यात फाडलं जातं. पहिला तास एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल ताकदीच्या) ७० टक्क्यांवर, नंतर फार तर ७५-७८. तासाला ६०-८० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. हे मिश्रण लांबच्या सरावात पोटाला मानवलेलं हवं, शर्यतीत ऊर्जेचं नवं जेल नको. पाऊस असेल तेव्हा ट्रेनरवर (घरात सायकल जागीच चालवायच्या यंत्रावर) अडीच तास, लगेच २० मिनिटं धाव.

आणि एक: तिथे वाहतूक उजवीकडून. तू उजव्या कडेला राहायचं, पुढच्याला डावीकडून ओलांडायचं. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर, ओलांडायला २५ सेकंद. आपली सवय उलटी आहे, आणि थकल्यावर डोकं जुन्या सवयीवर जातं. पाट्या मैलांत असतात: ५६ सायकल, १३.१ धाव. घड्याळही मैलांवर लाव.

सायकल खोक्यात भरताना मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून गुंडाळ. टायर फुगवायचे सीओटूचे छोटे सिलिंडर इथून नेऊ नकोस, विमानतळावर अडकतात, तिथेच घे.

तिकिटं आणि हॉटेल बदलता येतील अशीच घे. २०२४ मध्ये हेलीन वादळाने ही शर्यत ऐन वेळी रद्द झाली होती, आणि सप्टेंबरअखेर हा तिकडचा वादळांचाच काळ.