भटक्या लोकांची दफनभूमी खणून सोन्याखेरीज नेमके काय हाती लागते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : स्टेपच्या गवताळ प्रदेशातील प्राचीन भटक्यांनी गावे वसवली नाहीत, काही लिहून ठेवले नाही, आणि त्यांच्या बहुतेक कबरी जुन्या काळीच लुटल्या गेल्या, मग त्या खणून सोन्याच्या चार वस्तूंपलीकडे इतिहासाला काय मिळते? मी पुरातत्त्व शिकवतो, विद्यार्थिदशेत विदर्भातील महापाषाणीय शिळावर्तुळांच्या, म्हणजे भोवती मोठ्या दगडांचे वर्तुळ मांडलेल्या प्राचीन दफनांच्या, उत्खननावर काम केले आहे आणि सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातील वस्तू सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात जवळून पाहिल्या आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आपण सोन्याचा उल्लेख केलात, तेव्हा आधी तेच पाहू. रशियातील तुवा प्रांतातल्या अर्जान-२ या कुरगानात, म्हणजे दगडांची मोठी रास रचून केलेल्या समाधीत, रशियन आणि जर्मन पुरातत्त्वज्ञांना २००१ मध्ये एका स्त्री-पुरुषाची न लुटलेली कबर सापडली आणि तिच्यातून सुमारे वीस किलो सोने बाहेर आले. ती वाचली याचे कारण असे, की मुख्य कबर राशीच्या मध्यावर नव्हती आणि चोर मध्यभागीच खणत राहिले. ते सोने अप्रतिम आहे, यात शंका नाही. तरीही भटक्यांच्या जीवनाविषयी सर्वाधिक सांगणारे एकच स्थळ निवडायला मला सांगितले, तर मी अर्जान निवडणार नाही. मी पाझिरिक निवडेन, आणि पाझिरिकचे सगळे मोठे कुरगान लुटलेले होते.

पाझिरिक ही दक्षिण सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातील एक उंच, कोरडी दरी आहे. तेथील पहिला मोठा कुरगान १९२९ मध्ये मिखाईल ग्र्याझ्नोव आणि सेर्गेई रुदेन्को यांनी खणला. उरलेले चार मोठे कुरगान रुदेन्को यांनी १९४७ ते १९४९ या काळात उघडले. रचना साधारण सारखीच होती. जमिनीत चारपाच मीटर खोल चौकोनी खड्डा, त्यात लार्च वृक्षाच्या ओंडक्यांची दुहेरी भिंतींची खोली, तिच्यावर झाडांच्या साली आणि ओंडक्यांचे थर, त्यावर माती, आणि सर्वांत वर दगडांची रास. मृताचा देह खोलीत, लार्चचेच एक अखंड खोड पोखरून केलेल्या शवपेटीत ठेवलेला असे. घोडे मात्र खोलीच्या बाहेर, खड्ड्याच्या उत्तर बाजूला पुरलेले असत. ही उत्तर बाजू लक्षात ठेवावी, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे.

त्या दरीतील आसपासची जमीन बारमाही गोठलेली नाही. बर्फ होता तो केवळ या राशींच्या खाली. सुट्या दगडांच्या फटींतून हिवाळ्यातील जड, थंड हवा खाली उतरून बसते आणि उन्हाळ्यात तीच रास उन्हाला अडवते, त्यामुळे खड्ड्यातील ओल गोठते आणि पुन्हा वितळत नाही. त्यात चोरांनी छतातील ओंडके तोडून आत उतरण्यासाठी भोक पाडले आणि त्या भोकातून पावसाचे व वितळलेल्या हिमाचे पाणी खोलीत शिरून गोठत गेले. म्हणजे ज्यांनी सोने नेले, त्यांच्याच भोकाने बाकी सर्व काही बर्फात बंद करून ठेवले. रुदेन्कोंच्या चमूला तेथे मातीपेक्षा बर्फच अधिक खणावा लागला. गरम पाणी ओतायचे, वितळलेले पाणी उपसायचे आणि बर्फातून वस्तूचा जेवढा भाग मोकळा होईल तेवढाच हाताळायचा, अशी ती पद्धत होती.

आता विदर्भाचा संदर्भ देतो, कारण फरक मला तेथेच कळला. नागपूर परिसरातील शिळावर्तुळांतही मृतांबरोबर घोडे पुरलेले आहेत, आणि माहुरझरीसारख्या ठिकाणी घोड्याच्या मस्तकावरील तांब्याचे अलंकार व लोखंडी लगामाच्या कड्या मिळाल्या आहेत. मी ज्या वर्तुळावर काम केले, तेथे काळ्या मातीत घोड्याचे दात तेवढे घट्ट राहिले होते. हाडे ब्रश लावला तरी भुगा होत होती आणि एका हाडाच्या तुकड्यावर तांब्याचा हिरवा डाग होता. त्या डागावरून आम्ही अलंकाराची जागा ठरवली. चामड्याचे पट्टे, खोगिरावरचे कापड, रंग, यांतील काहीही उरलेले नव्हते, आणि आपल्या हवामानात ते उरणे शक्यही नाही. पाझिरिकच्या पहिल्या कुरगानात याच्या अगदी उलट स्थिती होती. दहा घोडे आपल्या कातडीसह, केसांसह, खोगिरांसह पडलेले होते, आणि एकाच्या तोंडावर चामडे व नमदा (लोकर दाबून केलेले जाड कापड) यांचा, सांबरासारखी मोठी शिंगे लावलेला मुखवटा होता. दहाही घोड्यांच्या कानांवर कापून केलेल्या खुणा होत्या आणि त्या वेगवेगळ्या होत्या. त्यावरून हे घोडे निरनिराळ्या मालकांनी किंवा कुळांनी आपल्या प्रमुखाच्या अंत्यविधीसाठी दिले असावेत, असा तर्क मांडला गेला. हा तर्क मला पटतो. लिखित साधन नसलेल्या समाजात कोण कोणाच्या अधीन होते, हे कानाच्या कापावरून कळावे, यापेक्षा मोठी प्राप्ती सोन्याच्या कोणत्या वस्तूने दिली असती?

पाचव्या कुरगानातील घोड्यांच्या बाजूला चोर गेलेच नाहीत. तेथेच चार चाकांचा लाकडी रथ मिळाला, चीनमधून आलेले, पक्ष्यांचे भरतकाम केलेले रेशमी कापड मिळाले, आणि जगातील सर्वांत जुना ज्ञात गाठींचा गालिचा मिळाला. तो सुमारे १८३ बाय २०० सेंटिमीटरचा आहे आणि त्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३६ गाठी आहेत. आतल्या एका किनारीवर चरणारी चोवीस हरणे आहेत आणि बाहेरच्या किनारीवर अठ्ठावीस घोडे व त्यांचे स्वार. काही स्वार बसलेले, काही घोड्याशेजारी पायी चालणारे. तो कोठे विणला गेला यावर अभ्यासकांचे एकमत नाही, मात्र त्याच्यावरचा लाल रंग अजून लाल आहे.

तरीही हर्मिटाजमध्ये मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो एका हंसासमोर. तो नमद्याचा आहे, म्हणजे लोकर न विणता, ओली करून दाबून व मळून केलेल्या जाड कापडाचा. आपल्याकडे धनगरांचे जेन याच जातीचे असते. पांढरे अंग, पंखांची काळी टोके, आत भरलेले हरणाचे केस आणि मानेचा असा बाक, की तो ज्याने केला त्याने पाण्यावर उतरणारे हंस पुष्कळ वेळा पाहिले असले पाहिजेत. असे हंस बहुधा रथाच्या छतावर लावलेले होते. शिवणीचे टाके उघड्या डोळ्यांनी दिसतात. बाजारात त्याला कवडीचीही किंमत आली नसती आणि म्हणूनच तो कोणी नेला नाही.

भटक्यांनी काही लिहिले नाही हे खरे, परंतु त्यांच्याविषयी इतरांनी लिहिले, आणि उत्खननाने ते लेखन तपासताही येते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की सिथियन लोक अंत्यविधीनंतर लहानशा राहुटीत शिरून तापलेल्या दगडांवर भांगेचे बी टाकतात आणि त्या वाफेने आनंदाने ओरडतात. पाझिरिकच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कुरगानात काठ्यांच्या चौकटीखाली ठेवलेले ब्राँझचे भांडे मिळाले. त्यात दगड होते आणि भांगेचे जळके बी होते. हेरोडोटसने लिहिले ते काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील लोकांविषयी, आणि हे भांडे तेथून हजारो किलोमीटर पूर्वेला सापडले. एवढ्या विस्तृत प्रदेशात विधी समान होते, हे ग्रंथ आणि खड्डा एकत्र वाचल्याशिवाय कळले नसते. काळाचेही असेच आहे. खोल्यांच्या ओंडक्यांतील वाढीची वर्तुळे जुळवून असे दिसले, की पहिला आणि दुसरा कुरगान एकाच सुमारास आणि पाचवा त्यांच्यानंतर ४८ वर्षांनी बांधला गेला. ज्या दफनभूमीला आपण शतकानुशतकांची समजलो असतो, ती दोनतीन पिढ्यांची निघाली.

आता या कामाची जी बाजू मला अस्वस्थ करते, तिच्याविषयी लिहिणे भाग आहे. १९९३ मध्ये नताल्या पोलोस्माक यांच्या चमूने अल्ताईतीलच उकोक पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, एका तरुण स्त्रीची न लुटलेली कबर उघडली. शवपेटीत गोठलेला बर्फ गरम पाणी पेल्यापेल्याने ओतून दिवसेंदिवस वितळवला गेला. तिच्या डाव्या खांद्यावर शिंगांच्या हरणाचे गोंदण होते, डोक्यावर उंच शिरोभूषण होते आणि शेजारच्या सहा घोड्यांच्या पोटातील चाऱ्यावरून दफन उन्हाळ्याच्या आरंभी झाल्याचे ठरवता आले. पुढे एमआरआय तपासणीत तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे दिसून आले. ज्ञान म्हणून हे सर्व अमोल आहे. पण तिला हेलिकॉप्टरने नोवोसिबिर्स्कला नेले गेले, आणि अल्ताईचे रहिवासी तिला आपली पूर्वज मानून ती परत मागत राहिले. २००३ मध्ये तेथे मोठा भूकंप झाला, तेव्हा अनेकांनी त्याचा संबंध तिला जागेवरून हलवण्याशी जोडला. भूकंपाचे कारण भूगर्भातच असते, हे मी वर्गात सांगेनच. परंतु ज्यांच्या डोंगरात ती शांत झोपली होती त्यांना आधी विचारायला हवे होते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. २०१२ मध्ये तिला गोर्नो-अल्ताईस्कच्या संग्रहालयात परत आणण्यात आले. तिला पुन्हा पुरावे, ही मागणी त्यानंतरही थांबलेली नाही.

यात आणखी एक अडचण आहे. हवामान तापत चालल्यामुळे राशींखालचा बर्फच धोक्यात आला आहे, त्यामुळे ‘न खणता तसेच राहू द्यावे’ हा पर्यायही पूर्वीइतका सुरक्षित राहिलेला नाही. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने युनेस्कोच्या सहकार्याने अल्ताईतील कुरगानांची नोंद सुरू केली, तेव्हा शीतयुद्धाच्या काळातील ‘कोरोना’ नावाच्या अमेरिकी हेर-उपग्रहांची जुनी छायाचित्रे वापरून राशींची ठिकाणे नकाशावर आणली. कोणत्या राशीखाली अजून बर्फ आहे आणि कोणत्या राशीखालचा संपत आला आहे, हे आधी कळले, तरच कोठे हात लावायचा आणि कोठे केवळ राशीला सावली देऊन थंड ठेवायचे, हे तेथील लोकांशी बोलून ठरवता येईल.