रात्रशाळेचा निकाल कमी, मग पोराला टाकू का?

प्रश्न : ताई, आम्ही दिघ्याला राहतो. मुलगा 16 वर्षांचा, नववीत नापास झाला आणि शाळाच सोडली, आता तुर्भ्याला मार्केटात मसाल्याच्या गाळ्यावर जातो. जवळच्या रात्रशाळेत दहावीला टाकायचं म्हणतेय, पण तिचा निकाल जेमतेम निम्मा आणि त्याच्या जुन्या शाळेचा 100 टक्के. शेजारी म्हणतात तिथे वाया गेलेली पोरं असतात. काय करू?

उत्तर : ताई, त्या 100 टक्क्यांत तुमचा मुलगा आहे का? नाही ना. नववीत कच्ची पोरं गळली, कोणाला दाखला न्या म्हणून सांगितलं, कोणाला 17 नंबर (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा बोर्डाचा फॉर्म) भरा म्हणून, की उरलेल्यांचा निकाल झकास लागणारच (सगळ्या शाळा असं करतात असं नाही, पण चालतं). 2025 ला दहावीचा 94.10 टक्के निकाल पेपरात आला तोसुद्धा नियमित मुलांचा, रिपीटर आणि खासगीवाले बोर्ड वेगळे मोजतं.

रात्रशाळेत येतात कोण तर दिवसभर दुकानात, कॅन्टीनमध्ये राबणारी पोरं, मध्येच गावाहून आलेली, मीडियम बदललेली, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बायका, म्हणजे पंधराचा पोरगा आणि पंचविशीची बाई एकाच वर्गात, शिकायला जेमतेम तीन तास आणि त्यात कामावरून यायला उशीर झाला की पहिला तास गेलाच. गणित-इंग्रजीत अडकतात बहुतेक. वाया गेलेली म्हणे! तुम्ही शाळेत जाऊन टक्के नका विचारू, वर्षाच्या सुरुवातीला पटावर किती होते आणि त्यातले परीक्षेला किती बसले ते विचारा, आणि गणिताला सर आहेत का तेही.

एक मात्र आहे, नववी नापास म्हणजे तिथे आधी नववीतच बसावं लागेल. थेट दहावी हवी तर 17 नंबर, पण मग रोज शिकवणारं कोणी नाही, तुमच्या पोराला ते जमेल असं मला वाटत नाही. तिसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, तिची दहावी मराठीतून देता येते, पाच वर्षांत नऊ चान्स, पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. गणित तिथे सक्तीचं नाही, पण पुढे आयटीआय किंवा डिप्लोमा करायचा असेल तर गणित-विज्ञान घ्याच.

माझं मत रात्रशाळा. आधी शेठला विचारा संध्याकाळी वेळेत सोडतो का, नाही म्हणाला तर एनआयओएस.