सही तिची, नकार तुमचा

प्रश्न : माझी मुलगी चित्रकलेची पदवी पहिल्या वर्गात पास झाली. मुद्राचित्रण हा तिचा खास विषय, त्यातही लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून ते कागदावर छापणं. पुढे स्वतःची प्रदर्शनं करेल असं प्राध्यापक म्हणतात. तिने मात्र एका प्रिंट स्टुडिओत शिकाऊ प्रिंटर म्हणून दोन वर्षांसाठी अर्ज केला. तिथे दुसऱ्यांची चित्रं नुसती छापायची. सही चित्रकाराची, कोपऱ्यात बिनशाईचा ठसा, तोही स्टुडिओचा. निवड झाल्याची मेल आली ती मी आधी पाहिली. तिच्याच मेलवरून नम्र नकार कळवून टाकला आणि दोन्ही मेल पुसल्या. तिला सांगितलेलं नाही. तिने मास्टर्स करावं म्हणून तिची समजूत कशी घालावी? – एक वडील

उत्तर : समजूत घालायचं नंतर बघू. मुलीच्या नावाने तुम्ही पत्र लिहिलंत, पुरावा पुसलात, आणि हे सगळं ‘कळवून टाकला’ एवढ्यात उरकलंत. मी तिथेच अडले. ती अजून रोज मेल उघडून बघत असेल. उत्तर आलं नाही म्हणजे आपलं काम कमी पडलं, असं तिने एव्हाना धरलंही असेल. तुमच्या मते तुम्ही एक जागा नाकारलीत. तिच्या हिशेबात ती नापास झाली आहे. मार्क कमी पडले की पालक घाबरून काहीबाही करतात, ते मी पुष्कळ पाहिलं आहे. इथे मुलगी पहिल्या वर्गात आहे, अर्ज तिने स्वतः केला, निवडही झाली. घाबरण्यासारखं यात नेमकं काय होतं?

मला वाटतं, तो ‘नुसती’ शब्द. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, राळ आणि बुचाचा भुसा तागाच्या कापडावर दाबून केलेली चादर, मुळात जमिनीवर अंथरायची. कोरून काढलेला भाग कागदावर कोरा राहतो, उरलेल्या भागाला शाई लागते आणि चित्र उलटं उमटतं. एवढं शाळकरी मुलालाही जमतं. खरा घोळ दुसऱ्या रंगापासून सुरू होतो. पिकासोने १९५८ साली क्रानाख या जुन्या जर्मन चित्रकाराच्या चित्रावरून एका स्त्रीचं रंगीत लिनोकट केलं. त्यात रंगागणिक वेगळा ठोकळा होता आणि ते एकमेकांवर नेमके बसवता बसवता नाकी नऊ आले. पुढे त्याने एकाच ठोकळ्यावर थोडं कोरायचं, छापायचं, पुन्हा कोरायचं, असा मार्ग धरला. यात पहिल्या रंगाच्या सगळ्या प्रती आधीच छापून ठेवाव्या लागतात, कारण पुढचं कोरलं की मागचा ठोकळा उरतच नाही. पन्नास प्रती हव्यात आणि चौथ्या रंगाला दहा बिघडल्या, तर चाळीसच मिळणार. ही लिनोकट छापली फ्रान्समधल्या वालोरिस गावच्या इदाल्गो आर्नेराने. तो तिथला छापखानेवाला. दोघांची सुरुवात गावातल्या प्रदर्शनांच्या पोस्टरांपासून झाली. पिकासो कोरून पाठवायचा, आर्नेरा प्रुफं, म्हणजे चाचणीच्या प्रती, काढून त्याच्याकडे घेऊन जायचा. शाई किती घट्ट हवी, फिका रंग गडदावर टिकेल का, बारीक रेघ कुठे बुजेल, हे ज्याच्या हाताला कळतं, त्याने काढलेलं प्रुफ बघूनच पुढचं कोरणं ठरतं. याला तुम्ही नुसतं छापणं म्हणता.

जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाटही रेखाटली त्याने, लाकडात कोरली दुसऱ्यांनी आणि छापली तिसऱ्यांनी. अमेरिकेत १९६० साली जून वेन या चित्रकर्तीने टॅमरिंड ही लिथोग्राफीची कार्यशाळा काढली, कारण चित्रकार हवे तितके होते, दगडावरून छापून देणारे उस्ताद सापडत नव्हते. १९७० पासून ही कार्यशाळा न्यू मेक्सिको विद्यापीठात आहे आणि प्रिंटर घडवणं हे तिचं एक मुख्य काम आहे.

तुम्हाला सलणारा तो बिनशाईचा ठसा, त्याला चॉप म्हणतात. कागद तिरपा धरून उजेडात बघा, दिसेल. प्रत कोणत्या स्टुडिओत निघाली याची ती खूण असते. आणखी एक. चित्रकार एका प्रतीवर ‘अशीच छापा’ म्हणून सही करतो. तिला बाँ-आ-तिरे म्हणतात. बाकीच्या सगळ्या प्रती तिच्याशी जुळाव्या लागतात, आणि रिवाजाप्रमाणे ती प्रत प्रिंटरकडे राहते.

आता मुलीची बाजू घेते म्हणून गोडगोड बोलणार नाही. अशा जागा मोजक्या असतात. कमाई बेताची. दिवसभर उभं राहून मनगट आणि कंबर बोलायला लागते. त्याहून मोठा प्रश्न स्वभावाचा. दुसऱ्याने निवडलेला लाल आपल्याला पटला नाही तरी शेवटच्या प्रतीपर्यंत तोच लाल आणायचा. कोरणी हातात घेतली की स्वतःचीच रेघ सुचणाऱ्या माणसाला हे वर्षभरात असह्य होऊ शकतं, आणि काहींना यातच सुख असतं. तुमची मुलगी यातली कोण, हे तिला तिथे कळलं असतं. मास्टर्सचं काय, प्रवेश परीक्षा, कामांची फाइल, मुलाखत. आज आहे तसंच दोन वर्षांनीही असेल. (प्राध्यापकांना प्रदर्शनं दिसतात याचं मला नवल नाही. त्यांनाही नावाजलेले विद्यार्थी हवे असतात.)

आज रात्री तिला सांगा. आधी सांगा की तिची निवड झाली होती, मग सांगा तुम्ही काय केलंत. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द त्यात येऊ देऊ नका. ती चिडेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. पासवर्ड बदलेल, बदलायलाच हवा. मग तुमच्या स्वतःच्या मेलवरून, तुमच्या नावाने स्टुडिओला लिहा की तो नकार तिचा नव्हता. जागा एव्हाना भरलीही असेल. तरी लिहा, पण मजकूर आधी तिला दाखवा आणि ती हो म्हणाली तरच पाठवा.