अंगणावरचे पत्रे, पाण्याच्या बाटल्या आणि हेल्मेटची काच

पाऊस तोंडावर आला की पॉलिकार्बोनेट या कणखर, पारदर्शक प्लास्टिकबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यातले काही एकत्र घेतले आहेत.

अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट एकच ना? (म्हापसा)

नाही. जोराचा मार बसला तर अ‍ॅक्रिलिक तडकते, पॉलिकार्बोनेट सहसा नुसते वाकते. ओरखडे मात्र त्यावर लवकर उठतात.

अंगणावरचे पत्रे तीन वर्षांत पिवळे पडून तडकले. फॅब्रिकेटर म्हणतो, गोव्याची खारी हवा. खरे का? (डिचोली)

खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, पॉलिकार्बोनेट नाही. पत्र्याचा शत्रू ऊन आहे. उन्हातील अतिनील किरण अडवणारा पातळ थर बहुतेक पत्र्यांना एकाच बाजूला असतो आणि तीच बाजू वर हवी. कोणती, ते वरच्या फिल्मवर छापलेले असते. कामगार ती फिल्म खालीच ओरबाडून काढतात, मग पत्रा वर चढेपर्यंत सुलटे-उलटे कुणालाच कळत नाही. उलटा बसला की पिवळेपणा ठरलेलाच, आणि दोष हवेवर!

दुसरी चूक स्क्रूची. तीन मीटरचा पत्रा तापमानात तीस अंशांचा फरक पडला की सुमारे सहा मिलिमीटर लांबतो-आखडतो. भोक स्क्रूपेक्षा मोठे नसेल, वर तो करकचून आवळला असेल, तर चीर भोकापासूनच सुरू होते. तुमच्याकडची चीर तिथूनच निघाली आहे का, खालून पाहा. वॉशरही मऊ पीव्हीसीचा नको, ईपीडीएम रबराचा हवा. पोकळ नळ्यांचा पत्रा असेल तर नळ्या उताराच्या दिशेने हव्यात, वरचे टोक टेपने बंद, खालचे पाणी निघू देणाऱ्या टेपने. नाहीतर आत शेवाळ धरते.

‘यूव्हीवालाच आहे’ (म्हणजे अतिनील किरण अडवणाऱ्या थराचा) हे दुकानदाराचे तोंडी आश्वासन ऐकूच नका. कंपनी, जाडी, थर कोणत्या बाजूला आणि हमी किती वर्षांची, हे बिलावर लिहून घ्या. तडकलेल्या पत्र्यावर पाने झाडायला कुणालाही चढू देऊ नका. सांगाडा चिऱ्याच्या भिंतीत रोवलेला असेल तर पावसाआधीच इंजिनिअरला दाखवा. ‘चवथ झाल्यावर बघू’ म्हणू नका.

२० लिटरच्या बाटलीतल्या पाण्याने कॅन्सर होतो, असे शेजारीण म्हणते. (फोंडा)

ऐकीव गोष्टींवरून असा निष्कर्ष काढू नका. पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल-ए या रसायनापासून बनते आणि गरम पाणी वा तीव्र अल्कली साबण लागला की हे रसायन जास्त झिरपते. म्हणून अशा बाटलीत गरम पाणी ओतू नका, ती उन्हात ठेवू नका, ओरखडलेली बदलून मागा. तळाशी १ हा आकडा असेल तर ती पेट (PET) या वेगळ्या प्लास्टिकची. ७ म्हणजे ‘इतर’, पॉलिकार्बोनेटच असे नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीला मात्र भारतीय मानकाने २०१५पासून पॉलिकार्बोनेट वर्ज्य केले आहे. जुनी असेल तर आजच टाका. बाळाबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, शेजारणीला नव्हे.

हेल्मेटची काच थिनरने पुसली, धुरकट झाली. (मडगाव)

बदला, आजच. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन यांनी बारीक भेगा पडतात. पुढे सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापडच वापरा. थिनर कवचाला लागला असेल तर ते हेल्मेट घालण्याआधी कंपनीला विचारा. कवच पॉलिकार्बोनेटचे असू शकते.

पत्र्याखाली गॅसची शेगडी चालेल? (पेडणे)

नको. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंशांना मऊ पडते, पेटले तर वितळून ठिबकते. जागाच नसेल तर आधी अग्निशामक दलाला विचारा.