नजरेने क्लिक करणाऱ्या प्रोजेक्टचं पुढे काय?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉपच्या वेबकॅमवर नजरेने कर्सर चालवण्याचा प्रोजेक्ट केला, पण कर्सर थरथरतो आणि जिथे पाहावं तिथे क्लिक होतं. या क्षेत्रात करिअर होईल का?

उत्तर : होईल. पण आधी हा गुंता सोडवा, कारण मुलाखतीत नेमकं हेच विचारतील.

60 सेंटिमीटरवरून पाहताना नजरेच्या कोनातला 1 अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण 1 सेंटिमीटर, 15.6 इंची फुल एचडी लॅपटॉपवर 58 पिक्सेलच्या आसपास. डोळ्यावर अदृश्य प्रकाश टाकून नजर मोजणारा इन्फ्रारेड ट्रॅकर अर्धा ते एक अंश चुकतो, साधा वेबकॅम 3-4 अंश सहज. विंडो बंद करायची फुली जेमतेम सेंटिमीटरभर, ती वेबकॅमने लागणार कशी? नजर ओळखणारं मॉडेल बदलत बसण्यापेक्षा स्क्रीनवर सहाच मोठी बटणं ठेवा, तीनच्या दोन ओळी.

आता नको ते क्लिक. डोळा मुळात बघण्यासाठी आहे. वाचतानाही तो थांबतोच. म्हणून नजर 800 मिलिसेकंद टिकली तरच निवड करा आणि तेवढा वेळ बटणावर भरत जाणारं वर्तुळ दाखवा. नजर आत आली की बटणाची अदृश्य हद्द 25 टक्क्यांनी वाढवा. पापणी लवली की काही फ्रेम गळतात, तेवढ्यासाठी मोजणी शून्यावर आणू नका, नुसती थांबवा. पापणी मिटणं हेच क्लिक धरायचा मोह टाळा. माणूस मिनिटाला 15-20 वेळा नकळत पापणी मिटतो. ज्यांचा हात चालतो त्यांच्यासाठी नजरेने रोखून स्पेसबारने निवडणं सगळ्यात सुटसुटीत. ॲपल व्हिजन प्रो या हेडसेटमध्येही नजर रोखते, बोटांची चिमूट निवडते.

कॅलिब्रेशन, म्हणजे सुरुवातीला नजर आणि स्क्रीनचा मेळ बसवणं, नऊ बिंदूंचं ठेवा. डोकं हललं किंवा पाठीमागे उजेडाची खिडकी असली की ते बिघडतं. चष्म्यावरच्या चकाकीनेही.

मग दहा जणांवर नजर टिकण्याची 500, 800 आणि 1200 मिलिसेकंद ही तिन्ही मापं तपासा. क्रम प्रत्येकाला वेगळा द्या, नाहीतर सरावाचा फायदा शेवटच्या वेळेला मिळतो. निवडीचा वेळ, चुकीच्या आणि हुकलेल्या निवडी वेगवेगळ्या नोंदवा. गळ्याखाली हालचाल नसलेल्या, नजरेनेच बोलणाऱ्या रुग्णाला चुकीची निवड फार महाग पडते, वेग त्यानंतर.

पुढचे रस्ते दोन. इंटरॅक्शन डिझाइन, म्हणजे माणूस उपकरण कसं वापरेल याची आखणी, आवडत असेल तर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस.; परीक्षा आयआयटी मुंबई जानेवारीत घेते, तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात हा विषय शिकवतात. कॉम्प्युटर व्हिजनकडे ओढा असेल तर गेट देऊन एम.टेक. नोकऱ्या दिव्यांगांसाठीच्या उपकरणांत, हेडसेटमध्ये आणि ड्रायव्हरची नजर तपासणाऱ्या वाहन प्रणालींत. दिव्यांगांच्या उपकरणांत जागा थोड्या असतात, हे धरून चाला. पोर्टफोलिओत डेमोच्या व्हिडिओच्या आधी चुकलेल्या निवडींचा तक्ता लावा.